बाजूच्या सीटचा ब्रेक

नवी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा घरातल्या प्रत्येकानं तिच्यात आपापलं काहीतरी पाहिलं. चिमणीनं रंग पाहिला, आणि तो आपल्या चेंडूसारखाच लाल आहे म्हणून गाडीवर हक्क सांगून टाकला. सासूबाईंनी मागची सीट तळव्यानं दाबून पाहिली. मास्तर नुसतेच बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, लांबून आलेल्या नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा. आणि धाकटी सगळ्यांच्या आग्रहाखातर चालकाच्या बाजूच्या सीटवर बसली, तेव्हा तिचे पाय सवयीनं पुढे सरकले. तिथं काहीच सापडलं नाही. सपाट चटई, आणि नव्या रबराचा वास.

"कशी वाटते?" थोरल्यानं खिडकीशी वाकून विचारलं.

"छान आहे दादा," ती म्हणाली. "पाय ठेवायला भरपूर जागा आहे."

मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत अशी जागा नसते. तिथं बाजूला बसणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. धाकटीचा लग्नानंतरचा सगळा काळ त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवण्यात गेला होता. मुळात ती या घरात आली तीच गाडी शिकायला. "शिकून झाली आणि परत जायचं विसरली," अशी तिची ओळख मास्तर नव्या विद्यार्थ्यांना करून देत. सासऱ्यांना 'बाबा' म्हणणं तिला जमलंच नाही ते त्यामुळे. मास्तर ते मास्तरच राहिले.

थोरला परगावाहून बायको-मुलांना घेऊन, आपली जुनी गाडी बायकोच्या हाती देऊन, ही नवी स्वतः चालवत आला होता. अंगणात सगळ्यांसमोर किल्ली मास्तरांच्या हातात ठेवताना तो म्हणाला, "बाबांनी जन्मभर गाडी चालवली, पण जिच्यावर शाळेची पाटी नाही अशी स्वतःची एकही गाडी त्यांच्या वाट्याला आली नाही. ही त्यांची. हिच्यावर कुणाला शिकवायचं नाही."

"मग मी करू काय हिचं?" मास्तर म्हणाले. सगळे हसले, पण त्यांनी किल्ली खिशात टाकली नाही, मुठीतच ठेवली.

बेत ठरलेलाच होता. उद्या सकाळी मास्तरांनी ही गाडी घेऊन थोरल्याच्या नव्या घरी जायचं. हमरस्त्यानं चांगला लांबचा पल्ला. पुढे सासूबाई, मागे थोरल्याची दोन मुलं आणि धाकटीची चिमणी. थोरला आणि जाऊबाई मागून जुन्या गाडीतून येणार. धाकटी आणि तिचा नवरा शाळेचे वर्ग घ्यायला इथंच राहणार.

धाकटी उतरली आणि दार तिनं हलकेच लोटलं.

"लागलं नाही, पोरी," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दार पुन्हा उघडून नीट लावलं.

*

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यापासूनची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मास्तरांनी शिकवणं सोडलं होतं, पण हात बसलेला राहावा म्हणून रोज संध्याकाळी शाळेच्या गाडीतून एक फेरी मारायचा त्यांचा नेम होता. बाजूला धाकटी, मागे कधी सासूबाई, कधी चिमणी. एका संध्याकाळी बाजाराच्या वळणावर सायकलवाला आडवा आला आणि धाकटीचा पाय विचाराच्या आधीच खाली गेला. गाडी थांबली.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "नजर अजून शाबूत आहे."

"हो," ती म्हणाली.

त्या एका 'हो'च्या पोटात पुढचे सगळे 'हो' होते. नजर खरोखरच शाबूत होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं भिंतीवरची सगळी अक्षरं त्यांच्याकडून घडाघडा वाचून घेतली होती आणि परवाना वाढवूनही मिळाला होता. खोट डोळ्यांत नव्हती. ती डोळा आणि पाय यांच्या मधल्या वाटेवर होती. निरोप पोचायचा, पण उशिरा. आधी कधीतरी, मग बरेचदा, मग जवळजवळ प्रत्येक फेरीला धाकटीचा पाय पुढे होऊ लागला. तिला ते इतकं सफाईनं जमू लागलं की गाडीला हिसका म्हणून बसत नसे. गल्लीतली माणसं म्हणत, या वयात काय चालवतात मास्तर, पोटातलं पाणी हलत नाही.

धाकटीला वाटायचं, यात वाईट काय आहे. लहान मूल जेवताना आपण घास सारखा करून देतोच की. म्हाताऱ्या माणसाला फेरीपुरता रस्ता सारखा करून दिला.

आता मात्र त्या लाल गाडीत सारखं करून द्यायला कुणी नव्हतं. आणि मागच्या सीटवर चिमणी बसणार होती, दोन वेण्या घालून.

*

स्वयंपाकघरात वाटाणे सोलणं चाललं होतं. जाऊबाई अंगणात मुलांच्या मागे होत्या. अक्का रात्रपाळी करून आलेली, दुपारपर्यंत झोपून नुकतीच उठलेली, केस तसेच वर बांधून परातीपाशी बसली होती. अक्का म्हणजे नणंद, मास्तरांचं मधलं अपत्य. इस्पितळात अपघात विभागात नर्स होती, आणि घरात कुणाला साधं खरचटलं तरी सगळे तिच्याकडे धावत आणि ती ढुंकून पाहत नसे.

"धाकटे, लक्ष कुठंय? दाणे सालांत चाललेत आणि सालं पातेल्यात."

धाकटीनं सालं वेचून काढली. मग म्हणाली, "अक्का, उद्या मुलांना दादांच्या गाडीत बसवलं तर?"

"आणि बाबांच्या गाडीत कोण, वाटाणे? पोरांना फिरवायचं म्हणून तर ते कालपासून बूट पुसतायत. का गं?"

"सहज."

"तिला काय विचारतेस," सासूबाई खाली मान घालूनच म्हणाल्या. "तिच्या गुडघ्याला विचार."

दोघींचे हात थांबले. सासूबाईंचा थांबला नाही.

"मी मागे बसते. मागून सगळं दिसतं. पुढे काही आडवं आलं की हिचा गुडघा हलतो. यांचा हलतो तो त्याच्यानंतर. आधी वाटलं, हिला खोडच आहे पाय हलवायची. मग कळलं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई," धाकटी म्हणाली.

"तू बोललीस?"

अक्कानं पदर नसलेल्या कमरेला हात पुसले. "म्हणजे आई, हे तुला ठाऊक आहे आणि तू उद्या त्यांच्या शेजारी बसून हमरस्त्याला लागणार होतीस?"

"कुठली बसतेय. उद्या सकाळी मला चक्कर येणार आहे." सासूबाईंनी शेंग फोडून दाणे मोकळे केले. "मी पडून राहीन. मला टाकून हे जायचे नाहीत. थोरला बिचारा हळहळेल आणि जाईल."

"आणि परवा?"

"परवा कंबर धरेल."

"आणि तेरवा?"

"माझ्या अंगात दुखायला जागा पुष्कळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "हिनं पायानं केलं, आता मी डोक्यानं करीन. माणसाचं मन मोडून काय मिळवायचंय?"

धाकटीला क्षणभर फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्या बाजूनं आहे, असं. मग तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची बाजू ही नव्हतीच.

"आई, गाडी दारात राहणार," ती सावकाश म्हणाली. "किल्ली त्यांच्या खिशात. एखाद्या दुपारी मी वर्गात असेन, तुम्ही खरंच झोपलेल्या असाल, आणि ते चिमणीला शाळेतून आणायला निघतील. बसमध्ये गर्दी असते म्हणून. लाडानं."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आमच्या विभागात," अक्का म्हणाली, "दारू प्यायलेले येतात. फोन बघत होते ते येतात. हेल्मेट आरशाला अडकवलेले, बेल्ट पाठीमागून लावलेले, दोन रात्री न झोपता चालवणारे, सगळे येतात. जे बोलण्याच्या अवस्थेत असतात ते सगळे एकच सांगतात. अचानक झालं. एकही अजून असं म्हणालेला नाही की मला माहीत होतं."

सासूबाईंनी चटकन दाराकडे पाहिलं. कारण 'अचानक' हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे.

*

त्या शब्दाची गोष्ट काकांपासून सुरू होते. मास्तरांचा धाकटा भाऊ पुलाजवळच्या वळणावर गेला तेव्हा शाळा नव्हती, मास्तर नुसते ट्रक चालवत. चेंडूमागून एक मूल रस्त्यावर धावलं, काकांनी गाडी वळवली आणि ती झाडावर गेली. मूल वाचलं. लोक म्हणाले, देवमाणूस, दुसऱ्याच्या लेकराला वाचवताना गेला. काय करणार, अचानक आलं पोर. सगळ्या घराला तेवढाच आधार होता. मास्तरांनी मात्र तो कधी घेतला नाही. भावाच्या बायकोसमोरही ते एवढंच म्हणाले, "वेगात होता. वस्तीतून जाताना हळू असता तर दोघंही घरी गेली असती." त्यावरून तिनं कितीतरी वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मग शाळा निघाली. पहिल्या दिवशी मास्तर विद्यार्थ्यांना विचारत, रस्त्यावर माणसं कशानं मरतात? कुणी म्हणे ब्रेक फेल होऊन, कुणी खड्ड्यांमुळे, कुणी नशीब. मास्तर सगळ्यांना बोलू देत. मग म्हणत, "ब्रेक फेल होऊन मेलेला मी अजून शोधतोय. बाकीचे वेगानं मेले, पेंगत मेले, पिऊन मेले, बेल्ट न लावता मेले. अचानक कुणी मरत नाही. अचानक म्हणजे आपण आधी बघितलं नाही, एवढंच." जो विद्यार्थी तो शब्द बोलेल त्यानं संध्याकाळी शाळेची गाडी धुवायची, असा दंड होता, आणि घरच्यांनाही त्यातून सूट नव्हती. थोरल्यानं लहानपणी 'अचानक पेपर अवघड आला' म्हणून दोन्ही गाड्या धुतल्या होत्या.

आणि हमरस्त्यावर नेण्याआधी प्रत्येकाची चेंडूची परीक्षा. मोकळ्या आवारात सावकाश गाडी चालवायची. पत्र्याच्या पिंपामागून कुणीतरी चेंडू सोडणार. गाडी चेंडूच्या अलीकडे थांबली पाहिजे. या परीक्षेत मास्तरांनी नात्यातल्यांनाही नापास केलं होतं. धाकटीला तर दोनदा, आणि दुसऱ्या खेपेला तिचं लग्न ठरलेलं होतं.

*

तिचा नवरा पुढच्या खोलीत, शाळेच्या कार्यालयात, कापून उघडं केलेलं जुनं इंजिन पुसत होता. भिंतीवर खुणांचा तक्ता, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या. तिनं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, फडकं हातात तसंच.

"आज नको," तो शेवटी म्हणाला. "दादाला काय वाटेल? इतकी वर्षं बाहेर राहून तो काहीतरी घेऊन आला, आणि आपण आल्याआल्या म्हणायचं, बाबांना चालवता येत नाही. गाडी आम्हाला खुपली म्हणेल. नवराबायकोनं ठरवून केलं म्हणेल."

"म्हणू दे."

"तुला सोपं आहे. माझा भाऊ आहे. मी बोलतो ना बाबांशी. सावकाश, चार दिवसांनी."

"उद्या चिमणी आहे गाडीत."

इंजिनाच्या उघड्या पोटात त्यानं बोट घालून एक दांडा उगाच हलवला. "मग तू सांगणार?"

"नाही. ते सांगून ऐकणाऱ्यांतले नाहीत. बघून ऐकणाऱ्यांतले आहेत."

*

चहा कार्यालयातच झाला, कारण सगळ्यांना बसायला खुर्च्या तिथंच होत्या. थोरला मास्तरांना नव्या गाडीतली बटणं समजावून सांगत होता आणि मास्तर, ज्यांनी त्याला पहिला गियर टाकायला शिकवलं होतं, शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलवत होते. धाकटीनं सगळ्यांचे कप भरले, किटली खाली ठेवली, आणि उभ्यानंच म्हणाली,

"मास्तर, निघायच्या आधी परीक्षा राहिली."

"कुणाची?"

"तुमची. नवी गाडी, हमरस्ता, मागे पोरं. शाळेचा नियम आहे, आधी चेंडू."

जाऊबाई हसल्या. थोरला हसला नाही. "हे काय? बाबांची परीक्षा? त्यांनी अख्ख्या गावाची घेतलीय."

"म्हणूनच त्यांची कुणी घेतली नाही," अक्का बशीत बिस्कीट बुडवत म्हणाली.

"अक्का, तू यात पडू नकोस. मला कळत नाही, मी आल्यापासून बघतोय, कुणी गाडीकडे धड बघायलाही तयार नाही." त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं. "तुलाही हेच वाटतं?"

धाकटीच्या नवऱ्यानं कप ओठांपासून काढला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती.

"नियम आहे दादा," तो म्हणाला. "मी पण दिलीय. तूही."

मास्तर गंमत वाटल्यासारखे सगळ्यांची तोंडं बघत होते. "अरे पण आज कशाला? दमलीत पोरं."

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या कोपऱ्यात, तक्त्याखाली बसल्या होत्या. "द्या की," त्या म्हणाल्या. "भिता का?"

धाकटीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी नजर कपात घातली होती, पण उद्याची चक्कर त्यांनी आज मोडून टाकली, हे तिला कळलं.

"भितोय कोण," मास्तर उठत म्हणाले. "चिमणे, चेंडू आण तुझा."

*

बंद पडलेल्या गोदामाचं आवार शाळेनं भाड्यानं घेतलेलं होतं. जमिनीवर चुन्याचे पट्टे, एका कडेला रिकामी पिंपं. ऊन उतरलं होतं. अक्का चेंडू घेऊन मधल्या पिंपामागे जाऊन उभी राहिली, बाकीचे भिंतीशी. मास्तरांना नव्या गाडीतच परीक्षा द्यायची होती, पण धाकटी म्हणाली, नियम शाळेचा तर गाडीही शाळेची, आणि ते कबूल झाले.

त्यांनी आरसे लावले. बेल्ट लावला, आणि नेहमीप्रमाणे तिच्या बेल्टचा आवाज येईपर्यंत थांबले. मग किल्लीला हात घातला.

धाकटी वाकली. तिनं चपला काढून बाजूला सारल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"परीक्षेत मदत करायची नाही, मास्तर."

त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग खाली, त्या रिकाम्या दुसऱ्या ब्रेककडे. बराच वेळ पाहिलं. पुढे बघून त्यांनी गियर टाकला.

गाडी सुरेख निघाली. गियर बदलताना आवाज नाही, पट्ट्यांच्या मधोमध सरळ चाल. धाकटीला एकाएकी वाटलं, आपलंच चुकत असेल. आपल्याला खोडच लागली असेल. होऊ दे तसं, चुकू दे माझं, असं ती मनात म्हणत होती तेवढ्यात पिंपामागून लाल काहीतरी घरंगळत आलं.

तिच्या पायाची बोटं मांडीखाली आवळली गेली. आता, तिच्या आतलं कुणीतरी म्हणालं. ते 'आता' येऊन गेलं आणि गाडी चालतच राहिली. पुढच्या चाकाखाली मऊसा आवाज झाला.

मग ब्रेक लागला. हळुवार, सरळ, हिसका न देता. थांबली ती गाडी अगदी मास्तरांची म्हणून थांबली. फक्त चेंडूच्या पलीकडे.

पहिल्यांदा थोरल्याला सुचलं. "अक्का, फार जोरात सोडलास."

"नेहमीसारखाच सोडला," अक्का पिंपामागूनच म्हणाली. तिचा आवाज इस्पितळातला होता, कुणाच्या नातेवाइकांशी बोलतानाचा.

"एकदा पुन्हा घेऊ. एकानं काय होतंय."

चिमणीनं गाडीमागे जाऊन चेंडू उचलला. चपटा झालेला तो चेंडू पोटाशी धरून ती मास्तरांच्या खिडकीशी आली. रडत नव्हती, नुसती दाखवत होती.

"आजोबा, माझा चेंडू."

"अगं, तो अचानक..." मास्तर म्हणाले, आणि थांबले.

भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांना तो शब्द ऐकू गेला. चिमणीनं मोठ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणीच पुढचं बोलेना, तेव्हा तिलाच बोलावं लागलं.

"गाडी धुवायची तुम्ही."

"चिमणे, गप्प बस," थोरला म्हणाला.

"तिला गप्प नको करूस," मास्तर म्हणाले. "नियम पाठ आहे तिचा." त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बेल्ट काढला आणि उतरले. गाडीला वळसा घालून ते धाकटीच्या बाजूला आले. ती अजून मांडी घालूनच बसली होती. पाय खाली घ्यायचे तिला सुचलं नव्हतं.

"सरक," ते म्हणाले. "घरी तू घे."

*

बादली त्यांनी स्वतः भरली. थोरला पुढे झाला तर त्याला नळी धरायला लावली, फडकं दिलं नाही. टपापासून सुरुवात, मग काचा, मग दारं. चाकं शेवटी, कारण चाकांचं फडकं पुन्हा वर न्यायचं नसतं. धाकटी पायरीवर बसून बघत होती. उठून मदत करावीशी वाटत होती आणि तीच नेमकी करायची नव्हती.

"रोज दाबायचीस?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"अलीकडे रोजच."

"मला वाटायचं अधूनमधून."

नळीचं पाणी थोरल्याच्या पायांवर पडत राहिलं. "तुम्हाला माहीत होतं?" धाकटीनं विचारलं.

"दोन्ही ब्रेक एकाच दांड्यावर चालतात, पोरी. तू दाबलास की माझ्याकडचाही खाली जातो. माझा पाय पोचायच्या आत तो खाली बसलेला असायचा. जन्मभर मी लोकांच्या पायाखालून असाच ब्रेक ओढून घेतला, मला नाही कळणार?" त्यांनी फडकं पिळलं. "पण मनात म्हणायचो, ही घाईची आहे. मी दाबणारच होतो, ही केसभर आधी दाबते. आज कळलं, केसभर नव्हतं."

"मग?"

"चेंडूभर होतं."

चेंडूमागून काय येतं ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"रागावलात?" धाकटीनं विचारलं.

"रागावलोय. जास्त माझ्यावर, थोडा तुझ्यावरही. पहिल्याच दिवशी सांगायचंस."

"तुम्हीच शिकवलंय, शिकणाऱ्याला घाबरवू नये म्हणून."

"हं," मास्तर म्हणाले. "वाईट शिकवलं."

थोरल्यानं नळी बंद केली. "बाबा, गाडी परत देऊ का?"

"का? तिनं काय केलंय?" मास्तरांनी ओला हात सदऱ्याला पुसून खिशातली किल्ली काढली. क्षणभर ती मुठीत राहिली, सकाळसारखीच. मग ती त्यांनी थोरल्याच्या हातात ठेवली. "तुझी वस्तू. तूच दे, ज्याच्या हाती द्यायची त्याच्या."

थोरला किल्लीकडे बघत उभा राहिला. आपण मनात जे घेऊन आलो होतो ते आता कुठं ठेवायचं, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग तो ओल्या पायांनी पायरीपाशी आला.

"उद्या तू चालव," तो धाकटीला म्हणाला. आणि जरा वेळानं, "तू तेव्हा म्हणालीस, पाय ठेवायला जागा आहे. तेव्हाच सांगायचंस गं."

"तेव्हाच सांगत होते, दादा," ती म्हणाली.

दारातून तिच्या नवऱ्यानं सांगितलं की उद्याचे दोन्ही वर्ग तो एकटा घेईल. त्याच्या मागे सासूबाई उभ्या होत्या, आणि त्यांना चक्कर वगैरे काही येत नव्हती.

*

सकाळी निघताना थोडी अदलाबदल झाली. मागे बेल्ट तीनच, म्हणून थोरल्याचा मोठा मुलगा आपल्या आईबापांकडे गेला. सासूबाई मधे बसल्या, एका बाजूला चिमणी, दुसऱ्या बाजूला थोरल्याचा लहाना. चिमणीच्या मांडीवर चपटा चेंडू होता. थोरल्याच्या घरी त्यात हवा भरता येईल, अशी तिची समजूत कुणीतरी घातली होती.

मास्तर बाजूच्या सीटवर बसले, बूट काढले, आणि दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी मांडी घातली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण घातली.

धाकटीनं आरसा लावता लावता पाहिलं. "मास्तर, पाय खाली."

"मदत करायची नसते."

"समोर एअरबॅग आहे. मांडी चालत नाही. आणि बेल्ट."

त्यांनी पाय खाली घेतले, एक एक करून. बेल्ट लावला. खट् आवाज आला तेव्हाच तिनं किल्ली फिरवली.

बाजाराच्या वळणावर रस्ता रिकामा होता, पण भिंतीच्या कडेला सायकलचं पुढचं चाक दिसत होतं. नुसतं चाक. धाकटीनं तिथूनच वेग उतरवला. सायकलवाला आडवा आला, त्यांच्याकडे न बघता, गाणं गुणगुणत निघून गेला. आणि तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मास्तरांचा उजवा पाय सपाट चटईवर पुढे जाऊन घट्ट दाबला गेला होता. सायकल निघून गेल्यावर.

सासूबाईंनीही पाहिलं असणार. मागून सगळं दिसतं. पण बोलली चिमणी.

"आजोबा, तिथं ब्रेक नाहीये."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले, आणि पाय त्यांनी तिथंच ठेवला.